गावठी



एरवी शहरातल्या सभागृहात होणारं हे व्याख्यान यंदा परिषदेनं तलमडुगुला ठेवलं, तेव्हा विषयही गावातलाच घ्यावा असं मी ठरवलं. पत्रिकेवर ‘गावठी’ एवढाच शब्द आहे. ती पाहून एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, ‘गुरुजी, विषय अर्धाच छापला गेला का? गावठी काय?’ मला त्यांच्या त्या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे.

आदिलाबादच्या बाजारात सकाळी जा. भाजीवाली बाई काटेरी देठांची लहान वांगी वेगळ्या ढिगात मांडून बसलेली असते. भाव विचारला की म्हणते, ‘गावठी आहेत, दादा.’ म्हणजे भाव जास्त. गावठी कोंबडी, गावठी अंडी, गावठी कोथिंबीर, गावठी लसूण, गावठी तूप. या शब्दासाठी शहरातला माणूस खुशीनं दोन पैसे जादा देतो. तोच शब्द ‘दारू’ला लावा आणि चेहरे बघा. गावठी दारू म्हणजे पोलीस, पंचनामा, उलथलेलं पिंप आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी. विशेषण तेच, हात तेच, पुष्कळदा घरही तेच. घराच्या मागच्या दारी वेलीला लागलं ते गावठी म्हणून उत्तम आणि त्याच दारी मडक्यात आंबलं ते गावठी म्हणून ओंगळ. हे कधी झालं, कोणी केलं आणि त्यात आपल्या या भागाचं काय गेलं, याचा मागोवा मी घेणार आहे. मी दारूचा प्रचार करायला उभा नाही हे आधीच सांगतो, कारण पहिल्या रांगेतल्या काही बायांच्या भुवया मला इथून दिसताहेत. त्यांच्याकडेही मी येणार आहे.

आधी मागच्या दारी जाऊ.

आमच्या घरामागे परस होतं. फार मोठं नव्हतं, दोन बैलगाड्या उलट्या वळवता येतील एवढं. न्हाणीचं पाणी पाटानं तिकडे जायचं. त्या पाटावर आळू आणि पुदिना, पुढे मिरची आणि वांगी, आणि पाणी संपतं त्या टोकाला शेवगा, कारण त्याला पाण्याचं कौतुक नाही. मांडवावर वाल, दोडका, कारलं. छपरावर भोपळा. कुंपणाशी अंबाडी. तिला आपण मराठीत अंबाडी म्हणतो, तेलुगूचं पुस्तक गोंगुरा म्हणतं आणि आपल्या तेलंगणातला माणूस पुंटिकूर म्हणतो. शेजारची बाई पुंटिकूर मागायला यायची, आई अंबाडी तोडून द्यायची, आणि भाषेवाचून दोघींचं काही अडत नसे. सीमेवरच्या भाषासंपर्कावर परिषदेनं यापूर्वी विद्वानांची व्याख्यानं ठेवली आहेत. मला तो विषय त्या कुंपणाशी कळला.

बी विकत आणायचं असतं हे मला फार उशिरा समजलं. वांग्याचं, दोडक्याचं, भेंडीचं पहिलं जोमदार फळ आजी झाडावरच पिकू द्यायची. त्याला चिंधी बांधायची, म्हणजे कोणी तोडू नये. बी काढून राखेत घोळायचं, लहान गाडग्यात भरायचं, तोंड शेणामातीनं लिंपायचं. शेतात काळ्या मातीत ज्वारी, ज्वारीत तुरीची ओळ, मधे मूग, उडीद, चवळी, बांधाला तीळ. कापूस तेव्हाही होता. पण आधी घरातली कणगी भरायची आणि मग कापसाचा विचार, असा क्रम होता.

त्या शेताच्या बांधावर मोहाची दोन झाडं होती. आमच्याच काय, या पट्ट्यात जुन्या बांधांवर मोह असायचाच. रान तोडून शेत करणाऱ्यानंही मोहाला हात लावला नाही. आता चैत्र आहे. आज सकाळी इकडे येताना गाडीची काच खाली केली तेव्हा तो वास आला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, तो गोड आणि जड असतो. काहींना त्यानं मळमळतं. फाल्गुन-चैत्रात झाडाची पानं गळतात, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके येतात आणि पहाटे फुलं पडू लागतात. फूल म्हणजे पाकळी नव्हे. फिकट पिवळसर, मांसल, मोत्याएवढी पोकळ गोळी. उजाडण्याआधी बायका टोपल्या घेऊन निघतात, कारण ऊन चढलं की फूल मऊ पडतं, आणि त्याहून लवकर गुरं, हरणं आणि अस्वलं पोचतात. झाडाखालचा पाला आधी जाळून जागा लख्ख करायची, म्हणजे फूल दिसतं. ही रीत सोयीची असली तरी तिनं जंगलाला आगी लागतात आणि मोहाची रोपं जळतात. तिचं समर्थन मी करणार नाही. अंगणात चार-पाच दिवस वाळवलं की फूल मनुक्यासारखं तपकिरी होतं आणि वर्षभर टिकतं. वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. रोकडं पीक आहे ते, नांगरणी नाही, पेरणी नाही.

ते खातात. हे आवर्जून सांगावं लागतं, कारण मोह म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते. फुलं शिजवून, भाजून, तिळाबरोबर कुटून, ज्वारीच्या पिठात मळून खातात. कणगीचा तळ दिसू लागतो तेव्हाच, ऐन चैत्र-वैशाखात, हे अन्न झाडावरून पडतं. दुष्काळात मोहानं माणसं जगवली आहेत. पुढे पावसाच्या तोंडाला फळं येतात. त्यांच्या बियांचं तेल स्वयंपाकाला, दिव्याला, अंगाला. एका झाडानं धान्याच्या, तेलाच्या आणि साखरेच्या, अशा तिन्ही डब्यांत काहीतरी घालावं, असं दुसरं झाड मला माहीत नाही. उटनूरला आता आदिवासी बायांची सहकारी संस्था मोहफुलांचे लाडू करते, अशक्त मुलींना आणि गरोदर बायांना ते दिले जातात. ही नवी कल्पना म्हणून सांगितली जाते तेव्हा गोंडांच्या आज्या गालात हसत असतील.

नावाबद्दल एक गोष्ट, परिषदेचं व्यासपीठ आहे म्हणून. मोहाच्या झाडाचा मोहाशी, म्हणजे भुरळ पडण्याशी, काही संबंध नाही. संस्कृत मधूक, प्राकृत महुअ, मराठी मोह. मुळाशी मधु आहे. हालाच्या गाथासप्तशतीत गोदावरीकाठचा हा महुअ भेटतो. आपल्या भाषेच्या पूर्वजेत रचलेल्या इतक्या जुन्या संग्रहात ज्याची नोंद आहे, त्या झाडाला पुढच्या मराठीनं नीतिकथेतला खलनायक केलं, ते बहुधा या नामसाधर्म्यामुळेच सोपं गेलं. मोहाच्या नादी लागला, म्हटलं की काम झालं.

आता मडक्याकडे येतो. पण आधी आमच्या घरातल्या बरणीकडे.

आजी जांभळाचं आसव करायची. ज्येष्ठाच्या शेवटी जांभळं उतरली की त्यांचा रस, गूळ आणि धायटीची वाळलेली फुलं मोठ्या मातीच्या बरणीत घालायची. धायटी आपल्या रानात भरपूर. तिच्या फुलांनी आसव चांगलं उठतं, हे वैद्यांच्या ग्रंथांत आहे आणि आजीला ग्रंथांवाचून ठाऊक होतं. बरणी कोनाड्यात, अंधारात. कान लावला की आत बारीक फसफस ऐकू यायची. तो आवाज थांबला की कापडमाती करून महिनाभर ठेवायचं. अजीर्णावर, बाळंतिणीला, दमलेल्या माणसाला दोन चमचे. आम्हां पोरांना त्या गोड-आंबट चवीची चटक होती. एका वर्षी मी फसफस चालू असतानाच त्यातलं निम्मं सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतलं, बूच घट्ट ठोकलं आणि बाटली ज्वारीच्या कणगीत लपवली. तिसऱ्या रात्री बार उडाला. आजोबा काठी घेऊन धावले, त्यांना चोर वाटले. सकाळी पाहतो तो कणगीतली वरची ज्वारी जांभळी आणि तिच्यात काचा. पायलीभर धान्य फेकावं लागलं. आजीनं मला मारलं नाही. एवढंच म्हणाली, ‘अरे, ते अजून जित्तं होतं. जित्त्याचं तोंड कशाला बांधलंस?’

पुढे शाळेत विज्ञान शिकवताना मला तिचं वाक्य पुष्कळदा उपयोगी पडलं. आंबणं म्हणजे सूक्ष्म जीवांनी साखर खाणं. त्यांना यीस्ट म्हणा, किण्व म्हणा. साखर खाऊन ते अल्कोहोल आणि वायू सोडतात. वायूला वाट हवी, नाहीतर बाटली फुटते. हवा मात्र आत शिरू नये, नाहीतर दुसरे जीव अल्कोहोलचा सिरका करतात. आणि 12 ते 15 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल साचलं की साधारण किण्व त्यातच मरतं. म्हणून नुसत्या आंबवलेल्या रसाला निसर्गतःच एक सीमा आहे. नाशिकची द्राक्षाची वाइन, वसईच्या आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळाआधी मुरत ठेवलेली मनुकांची किंवा जांभळाची वाइन, आपली शिंदी, ताडी आणि आजीचं आसव ही सगळी त्या सीमेच्या आतली. एका कुळातली भावंडं.

मोहाची त्याच्या पुढची. वाळली फुलं मडक्यात भिजत घालतात. आपल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत ती उठतात. मग मडकं चुलीवर, वर थंड पाण्याचं भांडं, वाफ थंड होऊन बांबूच्या नळीतून थेंबथेंब दुसऱ्या भांड्यात. वरचं पाणी तापलं की बदलायचं. मराठीत ‘पहिल्या धारेचा’ हा शब्दप्रयोग आपण कवीला लावतो, कार्यकर्त्याला लावतो, तो या नळीतून आलेला आहे. सगळ्यात आधी उतरतं ते सगळ्यात जहाल, एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्यातला अगदी पहिला भाग टाकून द्यावा असं ऊर्ध्वपातनाचं शास्त्र सांगतं. भाषेनं मात्र तोच डोक्यावर घेतला. भाषा नेहमी शहाणी असते असं नाही.

गोंड-कोलामांच्या घरी ही वर्षाच्या चक्रात बसलेली वस्तू होती. नवी फुलं देवापुढे ठेवल्यावाचून घरात घ्यायची नाहीत. जन्म, लग्न, मरण, पंचांचा निवाडा, देवाची पूजा यांत मोहाची लागते. पिण्याआधी थोडी जमिनीवर सांडायची, ती पेनांची आणि पूर्वजांची. 1940 साली जोडेघाटला कोमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारनं गोंडांचा असंतोष समजून घ्यायला हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला इकडे धाडलं. मारलवाईला राहून त्यानं गोंडांचे विधी टिपले, 1948 मध्ये त्याचा राजगोंडांवरचा ग्रंथ आला. तो वाचताना लक्षात येतं की यातली बहुतेक कार्यं मोहाच्या दारूशिवाय पुरी होत नाहीत. पुरी होतात आणि संपतातही, हे महत्त्वाचं. घरची फुलं जेवढी, तेवढंच मडकं. टोपली रिकामी झाली की पुढच्या चैत्रापर्यंत थांबायचं.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या एका मावशीच्या घरी जीप आली. मुलीचं लग्न तोंडावर होतं, दोन मडकी लावलेली होती. ती फोडली, वाळली फुलं उकिरड्यावर ओतली, नवऱ्याला घेऊन गेले. संध्याकाळी मावशी आमच्या ओट्यावर बसून रडत होती आणि आत कोनाड्यात आजीची बरणी फसफसत होती. आमच्याकडे जीप कधीच आली नाही. यायचं कारणच नव्हतं, आमचं ते औषध होतं. औषधाच्या दुकानात आजही द्राक्षासवाची बाटली मिळते, तिच्यावर त्यातल्या त्यात तयार झालेल्या अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं, आणि एकादशी करणाऱ्या घरांतही ती असते. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. ती संध्याकाळ मात्र मी विसरू शकलो नाही.

ही विभागणी कायद्यानं कशी केली ते पाहा. मुंबई इलाख्यात 1878 चा आबकारी कायदा आला. घरी गाळण्यावर बंदी, ठेकेदाराच्या भट्टीवर कर. पण ठाणे-कुलाब्याच्या डोंगरातले लोक दारूच्या दुकानात येईनात, कारण त्यांच्या दारातच मोह होता. म्हणून 1892 मध्ये खास मोहफुलांचा कायदा झाला. दारू बाळगण्यावर नव्हे, फुलं बाळगण्यावर बंधन. त्याच काळात उरणच्या मोठ्या भट्ट्यांत मोहाचीच फुलं गाड्या भरभरून येत होती आणि त्यांची दारू मुंबईला जात होती. म्हणजे फूल वाईट नव्हतं, फक्त ते कातकऱ्याच्या घरात असायला नको होतं. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलं नावानिशी आली. फुलं गोळा करण्यावरचे आणि बाळगण्यावरचे निर्बंध महाराष्ट्रानं उठवले ते 2021 मध्ये. जे अन्न आहे ते घरात ठेवायला एवढी वर्षं परवानगीची छाया होती.

इकडे निजामाच्या राज्यातही आबकारी हा तिजोरीचा भक्कम आधार होता. ताडाशिंदीच्या झाडागणिक कर होता. पुढे 1956 मध्ये किनवट आणि राजुरा आपल्या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आपण आंध्र प्रदेशात आलो आणि पैनगंगेच्या दोन बाजूंना दारूचे दोन कायदे झाले. झाडं मात्र दोन्हीकडे तीच.

शेजारचं गोवं बघा. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं. त्याच्या बोंडूची फेणी गावोगाव गाळतात, आणि 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. परदेशातून आलेल्या झाडाच्या दारूला मानपत्र आणि गाथासप्तशतीतल्या झाडाच्या दारूला फिर्याद. अलीकडे मध्य प्रदेशानं आदिवासींच्या गटांना मोहाची दारू वारसा म्हणून बाटलीत भरून विकायची वाट काढून दिली आहे. चांगलं आहे, पण तीही विक्रीचीच वाट. लग्नासाठी दोन मडकी लावणाऱ्या मावशीचा प्रश्न तिनं सुटत नाही.

आता पहिल्या रांगेकडे.

1983 मध्ये आंध्र प्रदेशात दोन रुपये किलोनं तांदूळ मिळू लागला. उपाशी घरांना त्याचा आधार झाला, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण आपल्या ज्वारीच्या मुलखात भाकरीची जागा भातानं घ्यायला सुरुवात केली ती तेव्हापासून. कणगीची गरज कमी झाली. ज्वारीची जमीन कापसाकडे वळली. त्याच दशकात सरकारनं लिलावात दिलेल्या ठेक्यांतून सारा प्लास्टिकच्या लहान पिशव्यांत भरून गावोगाव पोचू लागली, चहाच्या टपरीवर मिळू लागली. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. शाळेच्या वाटेवर त्या फाटक्या पिशव्या पावलागणिक दिसायच्या. अन्न घरी पिकवायचं कारण नाही, पेय घरी करायचं कारण नाही, दोन्ही बांधलेलं, मोजलेलं, बाहेरून येणार. हे कोणी कट करून केलं असं मी म्हणत नाही. झालं मात्र एकाच वेळी.

माझा सख्खा चुलतभाऊ त्या पिशव्यांत गेला. मोहाच्या मडक्यात नाही. मोहाची तो वर्षाकाठी एखाद्या लग्नात प्यायचा. पिशवी रोज मिळत होती, उधार मिळत होती, तिला चैत्र नव्हता. वहिनीनं शेत खंडानं दिलं, परस मोडलं, आणि पुढची कितीतरी वर्षं ती दुसऱ्यांच्या कापसात निंदायला गेली.

म्हणून 1992 मध्ये नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटाच्या बायांनी साऱ्याची दुकानं बंद पाडली तेव्हा वहिनीला ती बातमी मी वाचून दाखवली होती. परिषदेला या घटनेत एका कारणासाठी विशेष रस वाटावा. त्या बायांना पेटवणाऱ्या गोष्टींत प्रौढ साक्षरांच्या वाचनपुस्तकातला एक धडा होता, ‘सीतम्म कथा’ नावाचा. गावातल्या बायका एक होऊन दारूचं दुकान बंद करतात, एवढीच गोष्ट. साहित्यानं समाज बदलतो का यावर आपण इतके परिसंवाद घेतो. इथे नुकती अक्षरओळख झालेल्या बायांनी एक साधा धडा वाचला, आणि 1 ऑक्टोबर 1993 ला सबंध राज्यात सारा बंद झाली. 1995 मध्ये पूर्ण दारूबंदी आली, 1997 मध्ये ती उठली. राज्याला महसूल हवा होता. दुकानांत पिशव्यांऐवजी बाटल्या आल्या आणि घरची मडकी पुन्हा गुन्ह्यातच राहिली.

मधल्या काळात घरचंही बिघडलं होतं, हेही सांगायला हवं. साऱ्याची जागा गुडुंब्यानं घेतली. काळा गूळ, नवसागर आणि काय काय. ती घराच्या मागे होते म्हणून तिला घरची म्हणायला मी तयार नाही. तिच्यात घरचं काही नाही. गूळ बाजारातला, गिऱ्हाईक बाजारातलं, घाई बाजारातली. आणि जिथे माणसं एका रात्रीत मरतात, मुंबईत मालवणीला 2015 मध्ये शंभराहून अधिक मेली, तिथे कोणी फुलं आंबवलेली नसतात. कारखान्यातलं विषारी मिथिल अल्कोहोल मिसळलेलं असतं.

तेव्हा वाइन की दारू, आंबवलेली की गाळलेली, हा वाद मला दुय्यम वाटतो. 2022 मध्ये महाराष्ट्रात सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा तो वर्तमानपत्रांत रंगला होता. द्राक्ष बागायतदाराचं हित आणि संस्कृतीचं रक्षण, दोन्ही बाजू जोरात. मोहवाल्याचं हित त्या वादात कोणाला आठवलं नाही. माझ्या लेखी रेघ वेगळीकडे आहे. घरच्या पिकानं आणि घरच्या पंचांगानं जे मोजलं जातं ते एका बाजूला, ज्याला माप दुकानदाराचं आणि ऋतू बारमाही ते दुसऱ्या बाजूला. वहिनीसमोर बसूनही मी हेच म्हणेन, आणि म्हटलंही आहे. तिला ते पूर्ण पटलेलं नाही. ती म्हणते, ‘भाऊजी, तुम्हा पुरुषांना माप कळतं असं तुम्हालाच वाटतं.’ तिचं म्हणणं इथे नोंदवून ठेवतो. मी काही वकील नाही, खटला जिंकायचा नाही.

निर्णय कोणाचा, यावर मात्र एक उत्तर कायद्यातच आहे. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित भागातल्या ग्रामसभेला दोन अधिकार एकत्र दिले. मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालणं किंवा नियमन करणं, आणि गौण वनोपजाची मालकी. म्हणजे मोहाचं फूलही तिचं आणि मडक्याचा निवाडाही तिचा. आपल्या जिल्ह्यात उटनूर-इंद्रवेल्लीकडे हा कायदा लागू आहे. ग्रामसभेत वहिनीसारख्या बाया बसणार आणि मावशीसारख्याही बसणार. एक म्हणेल, फोडा. दुसरी म्हणेल, लग्नापुरती दोन ठेवा. तिथे जे ठरेल ते मला मान्य असेल. जिल्हाभर बंदी घालून काय होतं ते चंद्रपूरनं 2015 ते 2021 दाखवलं, आणि न घालून काय होतं ते आपण पाहतोच आहोत. नदीपलीकडची देशी आपल्याकडे चोरून येते, त्यांच्याकडे बंदी असली की इकडची तिकडे जाते. दोन राज्यांतलं एवढं सुरळीत दळणवळण दुसऱ्या कशात नाही.

आता पुन्हा परसात.

वहिनीनं सात-आठ वर्षांमागे मोडलेलं परस पुन्हा धरलं. मी निवृत्तीनंतर तिच्या हाताखाली काम करतो. कापसाचं बी 2002 पासून पाकिटातच येतं, ते राखून पेरण्यात अर्थ उरलेला नाही. पण वांग्याला, दोडक्याला आणि अंबाडीला कोणी पाकिटात अडकवलेलं नाही, निदान आमच्या कुंपणात. एका फळाला चिंधी बांधलेली असते. भाजी पुरून उरते ती ओट्यावर ठेवतो, लागेल त्यानं न्यावी. आजीची बरणी सापडली, तिला एक तडा आहे, म्हणून तिच्यात बी ठेवतो.

बांधावरच्या दोन मोहांपैकी एक मागच्या वादळात पडला. दुसरा म्हातारा आहे. गावातल्या बांधांवरचे मोजून पाहिले, नवीन एकही नाही. तोडले थोडे, पण लावले तर कोणीच नाहीत, कारण मोह लावायचा असतो हे आपल्याला कधी कोणी सांगितलंच नाही, तो असायचाच. खाली पडलेलं बी तेलासाठी वेचलं जातं, उगवलेलं रोप नांगराखाली किंवा पाला जाळण्यात जातं. त्याचं बी वाळवून वर्षभर ठेवता येत नाही, वांग्याच्या बियांसारखं गाडग्यात भरून चालत नाही. आठवडे उलटले तर उगवणीची ताकद जाते. फळ पिकून पडलं की बी काढायचं आणि ओलं असतानाच मातीत घालायचं. फुलं यायला दहाएक वर्षं लागतात.

आमच्या झाडाला यंदा फुलोरा चांगला आहे. आषाढात बिया पडतील. पंचवीस-तीस पिशव्यांत वहिनी रोपं करणार आहे. तिला मी विचारलं, ‘वहिनी, तुम्हाला चालेल का?’ म्हणाली, ‘झाडानं काय केलंय?’ ज्यांना बांधावर लावायचं आहे त्यांनी आज जाताना नाव सांगून जावं. एकालाच दोनपेक्षा जास्त मिळणार नाहीत.